कोठीचं दार

वादळ थांबलं, आणि त्या शांततेने सगळ्यांना जाग आली. वादळात आपला डोळ्याला डोळा लागला नाही असं पुढे प्रत्येकजण शपथेवर सांगत राहिला, पण ताईने काकांना भिंतीला टेकून चक्क घोरताना पाहिलं होतं, आणि बारक्याचं डोकं बायकोच्या खांद्यावर पडलेलंही पाहिलं होतं. घराचे पत्रे वाऱ्याने केव्हाच नेले होते. बर्फाच्या कारखान्याच्या भिंती मात्र हातभर जाड, म्हणून सगळं घर बर्फ फोडायच्या खोलीत गोणपाटं अंथरून गोळा झालं होतं. वारा पडला आणि मग लक्षात आलं की आणखीही काहीतरी बंद पडलंय. कॉम्प्रेसर. तो या घरात तिन्ही मुलांच्या आधीपासून घरघरत होता. त्याच्या घरघरीवर ती झोपली, वाढली, भांडली. आता तो गप्प झाल्यावर कानांना कसंतरीच व्हायला लागलं. मग भिंतीपलीकडे, कोठीत, पाण्याचा एक थेंब पडला तो सगळ्यांना ऐकू आला.

कोठीत बर्फाच्या लाद्या होत्या, आणि त्या लाद्यांच्या मध्ये बाबा होते.

बाबा वादळाच्या आधी, दुपारी गेले, आणि तेही अगदी त्यांच्या तऱ्हेने, कामं उरकून. पत्र्यांवर दगड ठेवून घेतले, गाड्या आत लावून घेतल्या, आता येऊ दे काय यायचं ते, असं म्हणाले आणि खुर्चीत बसून चहा मागितला. जन्मभर बर्फात वावरलेल्या या माणसाला चहा मात्र जीभ भाजेल असा लागायचा. ताई कप घेऊन आली तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. तिला वाटलं, डुलकी लागली. चहा निवू नये म्हणून तिने कपावर बशी झाकली आणि बाहेर जाऊन ट्रकवाल्याशी बोलत उभी राहिली. ती बशी नंतर कितीतरी दिवस तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

दादाला फोन लागला हेच नवल. दादा म्हणजे थोरला, लांबच्या बंदरावर क्रेन चालवणारा. ऐन तरुणपणी घर सोडून गेला तो पुन्हा या फाटकातून आत आला नव्हता. आई त्याच्याकडे अधूनमधून जाऊन यायची, बारक्या फोनवर बोलायचा, पण बाबा आणि तो यांच्यात एक अक्षर नाही. ताईने सांगितल्यावर त्याने तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "मी येतो. मी येईपर्यंत थांबा." आणि फोन गेला तो गेलाच.

वादळानंतर लाइनमन सायकल ढकलत फाटकाशी आला आणि त्याने बाहेरचं जग कसं आहे ते सांगितलं. विजेचे खांब नदीपर्यंत आडवे झालेत. पूल वाहून गेलाय. लाइट कधी येणार हे आपल्याला विचारू नका, महिना तरी धरून चाला. जनरेटर आहे ना तुमच्याकडे, असं त्याने विचारलं, तेव्हा बारक्याने नुसतं बोट दाखवलं. जनरेटरच्या खोलीवर निलगिरीचं झाड पसरलं होतं, भरपेट जेवून आडव्या झालेल्या माणसाइतक्या निवांतपणे.

मग बोलणं सुरू झालं. काकांचं म्हणणं, आजच टेकडीवर, स्मशानात नेऊ या. गेलेल्या माणसाला असं ठेवायचं नसतं, गावात चार तोंडं आहेत, आणि थोरल्याचा काय भरवसा, इतकी वर्षं आला नाही तो पूल नसताना येणार होय? बारक्या काकांच्या बाजूने. बारक्या नावालाच बारक्या, अंगाने दाराएवढा, पण घरात कुणाचा आवाज चढला की तो आधी त्या आवाजाच्या बाजूने जायचा. त्याची बायको शाळेत शिकवायची, तिला सगळेच मास्तरीणबाई म्हणत, सासूसुद्धा. ती सासूच्या बाजूने. नवराबायकोंनी त्या दिवशी एकमेकांकडे पाहिलंही नाही. आईने फक्त एवढंच म्हटलं की, तो थांबा म्हणालाय.

शेवटी सगळ्यांची तोंडं ताईकडे वळली. कारखाना तीच बघायची. बाबांना गुडघे साथ देईनात तेव्हापासून लाद्या काढण्यापासून गाड्या सुटेपर्यंत सगळं तिच्या डोळ्यांखालून जायचं. बर्फ पुरेल का, हे तिच्याशिवाय कुणी सांगू शकत नव्हतं.

"दार उघडलं नाही तर पुरेल," ती म्हणाली.

या घरात मुलं आई-बाबा म्हणायच्या आधी 'दार' म्हणायला शिकली असतील. कोठीचं दार उघडं राहिलं की गारवा पळतो, आणि गारवा पळाला की सगळ्यांची मेहनत पाण्यात. म्हणून ज्याला दार उघडं दिसेल त्याने ओरडायचं, 'दार!' समोर पाहुणा असो नाहीतर कलेक्टर. मास्तरीणबाई नवीन लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांचं ते ओरडणं ऐकून त्यांच्या हातातली बादली पडली होती. वर्ष उलटलं नाही तोवर त्या वर्गातही तसंच ओरडायला लागल्या.

दादा गेला त्या दिवशी भांडण कोठीतच झालं होतं. मला हा गारठा नको, जन्म या अंधारात काढायचा नाही, असं तो म्हणाला, बॅग उचलली आणि दार सताड उघडं टाकून चालायला लागला. बाबा त्याच्या मागे धावले. सगळ्यांना वाटलं, आता हाक मारणार. ते दारात पोचले, त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "दार!" दादा अंगणाच्या मधोमध थांबला. माघारी आला, बाबांच्या समोर ते दार नीट ओढून लावलं, कडी घातली, आणि गेला.

बाबांनी हे ताईजवळ एकदाच काढलं होतं, तेही चहा पिताना, आणि तिच्याकडे न बघता. "मला त्याला हाक मारायची होती गं. तोंडात दुसरं काही आलंच नाही." त्यानंतर विषय बंद. पण ताईच्या काळजात ते घर करून बसलं होतं. बाबा असताना तिने दादाला हे कधी सांगितलं नाही, कारण तिला वाटायचं, हे सांगणं बाबांचं काम आहे, आज ना उद्या सांगतील. आता सांगायचं तर निदान त्यांच्या देखत सांगायचं होतं. दादाने त्यांचा चेहरा बघायचा होता आणि हे ऐकायचं होतं. तिला बाकी काही नको होतं.

दिवस जायला लागले, पण कुठला कधी गेला हे कळेनासं झालं. पंखा नाही, रेडिओ नाही, रस्त्याने गाडी नाही. उन्हाचा चौकोन खोलीतून सरकत सरकत भिंतीवर चढायचा आणि विझायचा, तेवढीच काय ती हालचाल. माणसं हळू बोलायला लागली. गल्लीत पडलेल्या झाडांवरून लोक वाट काढत यायचे, फांदीवर टेकायचे, कुठे चाललो होतो ते विसरायचे आणि तिथेच गप्पा मारत बसायचे. काकांना बसल्या जागी पेंग यायची आणि जागे झाले की ते लहानपणचं काहीतरी बोलायचे. वितळलेलं पाणी कोठीखालच्या मोरीतून अंगणात यायचं, आणि ताई मोरीशी पाय सोडून बसायची. पाण्याची धार करंगळीएवढी असली की तिच्या जिवाला बरं वाटायचं.

आई मात्र कोठीतच असायची. अंगावर दोन स्वेटर, पायात लोकरी मोजे, शेजारी कंदील, आणि समोर बाबा. सकाळी आत जायची ती जेवायला बाहेर यायची. ती काहीतरी बोलत बसलेली असायची, भाजीचं, शेजाऱ्यांचं, उडालेल्या पत्र्यांचं. एकदा ताईने ऐकलं तर ती त्यांना कशावरून तरी चांगली फैलावर घेत होती. ताई पाय न वाजवता मागे फिरली.

आणि मग सिस्टर आली. इस्पितळातली, गोल चेहऱ्याची, सगळ्या गावाच्या दंडात कधी ना कधी सुई टोचलेली. हातात लसींचा डबा. ती बोलत बोलत सरळ कोठीकडे गेली, दार उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिली, तशी खोलीतली चारही माणसं एका सुरात ओरडली, "दार!" बिचारीच्या हातून डबा सुटला. तिने दार लावलं आणि मग शांतपणे सांगितलं की इस्पितळाचा फ्रीज बंद आहे, साखरेच्या रोग्यांची इंजेक्शनं आहेत, बाळांच्या लसी आहेत, आणि तापाची पोरं रोज वाढतायत. रोज एक लादी मिळाली तर निभेल.

आता गंमत बघा. कालपर्यंत आजच्या आज टेकडीवर नेऊ म्हणणारा बारक्या दारासमोर हात पसरून उभा राहिला. एक लादी गेली म्हणजे दादाचा एक दिवस गेला, असं त्याचं म्हणणं. आदल्या दुपारी तो आईला जेवायला पाठवून बाबांजवळ एकटा बसला होता. तिथे त्याचं काय झालं ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण बाहेर आला तो दादाच्या बाजूने. आणि कालपर्यंत थांबू या म्हणणाऱ्या मास्तरीणबाई आता द्या म्हणायला लागल्या, कारण तापाची पोरं त्यांच्याच वर्गातली होती. नवराबायकोंनी जागा बदलल्या, अबोला तेवढा तसाच राहिला. काका म्हणाले, द्या, देऊन टाका सगळा. ते ज्या घाईने म्हणाले ते ताईला आवडलं नाही.

बाबांच्या हयातीत आजाऱ्यासाठी बर्फ मागायला आलेला माणूस रिकाम्या हाताने कधी गेला नव्हता. हे ताईला कुणी शिकवायला नको होतं. पण हात कडीवर जाईना. थोडा वेळ द्या, असं ती सिस्टरला म्हणाली आणि आत गेली. दार लावून घेतलं. कंदिलाच्या उजेडात लाद्यांच्या आत निळसर काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. लाद्यांवर पसरलेल्या भुशाचा ओला वास होता. आईने वर पाहिलं नाही.

"बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं, हेच विचारायला आलीस ना?" आई म्हणाली. "ते काय, समोरच आहेत. विचार त्यांना."

ताईच्या डोळ्यांतून नुसतं पाणी यायला लागलं, आणि त्या थंडीत ते गालावर गरम लागलं. आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, पण उठली. तिने भिंतीवरचा बर्फ फोडायचा टोचा काढला आणि बाबांच्या डोक्याकडच्या लादीवरचा भुसा हाताने झाडला.

"ही आधी ने," ती म्हणाली. "डोक्याला गारवा त्यांना कधी सोसला नाही."

हे खरंच होतं. कोठीत जाताना ते उन्हाळ्यातही कानाला मफलर गुंडाळायचे आणि गावातली पोरं त्यावरून हसायची. आताही मफलर होता. आईने बांधला होता, गाठ डाव्या बाजूला, त्यांच्या सवयीची.

मग दार रोज उघडायला लागलं. एकट्या सिस्टरसाठी उघडलं असतं तर निभलं असतं, पण अशी गोष्ट लपते थोडीच? कुणाचा म्हातारा उन्हाने तापला, कुणाचं बाळ रात्रभर किरकिरलं, कुणाचं औषध नासायला आलं. लोक यायचे, भांडं पुढे करायचे आणि आवाज खाली आणून बाबांची चौकशी करायचे, जणू ते आत आजारी आहेत. ताई कुणालाच नाही म्हणाली नाही. दर वेळी कडी काढली की आई आतून सांगायची, आता पायाकडची ने, आता उजवीकडची. मोरीतली धार करंगळीची अंगठ्याएवढी झाली. ताई आता तिथे पाय सोडून बसेना.

संध्याकाळ झाली की ती नदीपर्यंत जाऊन यायची. पुलाचे दोन खांब तेवढे पाण्यात उभे होते. नावाडी येरझाऱ्या घालायचा आणि तिला बघून लांबूनच मान हलवायचा, नाही. पाणी तांबूस, संथ, वरून कुणाची खुर्ची, कुणाचं दार वाहत जायचं. पलीकडच्या काठावर माणसं ठिपक्यांएवढी दिसायची आणि त्यातला प्रत्येक ठिपका तिला दादासारखाच वाटायचा. इतक्या वर्षांत तो कसा दिसायला लागला असेल हे तिला ठाऊकही नव्हतं.

शेवटची लादी सिस्टर घेऊन गेली. एका बाळंतिणीसाठी हवी होती, रक्त थांबत नव्हतं. विचारायची वेळच आली नाही, बारक्यानेच ती गोणपाटात गुंडाळली, खांद्यावर घेतली आणि इस्पितळापर्यंत पळत गेला. मास्तरीणबाई त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेल्या आणि तो परत येईपर्यंत तिथेच उभ्या होत्या. आला तेव्हा त्यांनी पदराने त्याची भिजलेली मान पुसली.

काका ताईजवळ येऊन बसले. आता आपलं खरं झालं असं त्यांच्या तोंडावर कुठे दिसत नव्हतं.

"उद्या सकाळी नेऊ या," ताई म्हणाली. "आता माझ्या हातात काही नाही, काका."

काकांनी मान हलवली. "तुला वाटलं असेल, काकाला घाई झालीय," ते म्हणाले. "लहानपणी मी आणि तुझा बाबा एका पांघरुणात झोपायचो. ते याच्याकडे ओढलेलं असायचं, कारण थंडी यालाच फार वाजायची. मला याला असं गारठ्यात पडलेलं बघवत नव्हतं. एवढंच होतं बघ." ताईने त्यांचा हात धरला. तिने त्यांच्याबद्दल मनात काय काय आणलं होतं ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी अंगणात माणसं जमली. कारखान्यातले कामगार, शेजारी, लाइनमनही. टेकडीच्या वाटेवरची झाडं त्यांनी पहाटेच बाजूला केली होती. कोठीत आई, ताई आणि बारक्या. आता तिथे बर्फ नव्हता, नुसता ओला भुसा आणि लाद्यांच्या जागेवर चौकोनी ओल. बारक्याने भिंतीला तळवा लावला आणि अजून गार आहे असं म्हणाला. बाबा सांगायचे ते तिघांनाही आठवलं, की बर्फ गेला तरी भिंती दिवसभर त्याची आठवण धरून असतात. पण दिवसभरच.

दार बाहेरून उघडलं. ताईला वाटलं, काका निघायचं म्हणायला आले. उजेड एकदम आत आला आणि तिचे डोळे दिपले. उंबऱ्यात एक माणूस उभा होता, एक खांदा किंचित खाली, अगदी बाबा उभे राहायचे तसा. मग चेहरा दिसला. पांढरे झालेले केस. कमरेपर्यंत चिखल. पायातल्या एका बुटाचा तळ दोरीने बांधलेला.

तो आत येईना. उंबऱ्यात तसाच थांबला, आणि गारवा त्याच्या पायांवरून बाहेर जात राहिला. बारक्याचं तोंड उघडलं. जन्माची सवय ती, शब्द ओठांवर आला होता. ताईने त्याचं मनगट घट्ट धरलं, आणि त्याने तो गिळला.

"ये," आई म्हणाली. "तुझ्यासाठीच थांबलेत."

दादा आत आला. उंबरा ओलांडताना त्याचा हात आपोआप मागे गेला, इतक्या वर्षांनी, न बघता, आणि त्याने दार ओढून घेतलं. उजेड पुन्हा निम्म्यावर आला.

"राहू दे, दादा," ताई म्हणाली. "उघडंच राहू दे."

"गारवा जाईल," तो म्हणाला.

"जाऊ दे. त्या दिवशी बाबांना तुला हाक मारायची होती. तोंडात दुसरं काही आलंच नाही त्यांच्या. त्यांनीच सांगितलं होतं मला."

दादा दाराला हात लावून उभा राहिला. त्याने बाबांकडे पाहिलं, मफलरकडे, डाव्या बाजूच्या गाठीकडे. त्याचा खालचा ओठ लहान मुलासारखा वाकडा झाला. मग त्याने दार मागे लोटलं, भिंतीवर आपटेपर्यंत लोटलं, आणि ऊन थेट बाबांच्या चेहऱ्यापर्यंत आलं. तो त्यांच्याजवळ गेला आणि खाली भुशात बसला.

भिंतींनी धरून ठेवलेला गारवा सावकाश अंगणात यायला लागला. दारासमोर काका उभे होते. त्यांच्या पावलांना तो लागला, पण ते बाजूला झाले नाहीत. तो संपेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.